उमेळ्याची करवली

ती घटना आठवली की आजही आधी राग येतो, मग हसू.

राग आधी सांगतो. सात वर्षांच्या मुलीचा ताबा कोर्टाने घटस्फोटानंतर आईला दिला होता. भेटीसाठी नेलेली ती मुलगी बापाने परत आणलीच नाही. विरारला फ्लॅटमध्ये राहणारी, नोकरी करणारी आई आदेश घेऊन चौकीचे उंबरठे झिजवत होती. आमच्याच पोलीस खात्यातले लोक तिला ऐकवत होते, "ताई, घरगुती मामला आहे, आपसात मिटवा." अरे, कोर्टाचा आदेश म्हणजे काय वाढदिवसाचं आमंत्रण आहे, वाटलं तर पाळायला?

शेवटी कोर्टाने पोलीस मदतीचा हुकूम काढला आणि प्रकरण माझ्याकडे आलं. बाप उमेळे गावच्या शेतकरी घरातला. त्याला पोलीस ठाण्यात बसवलं, चहा पाजला, दरडावलं. उत्तर एकच. "पोरगी सुरतेला, माझ्या मावशीकडे."

"पत्ता?"

"ठाऊक नाय."

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचा फोन आला. "साहेब, त्यांच्या दारात मांडव पडलाय. धाकट्या भावाचं लग्न."

मी गेलो. बापाची आई ओटीवर तांदूळ निवडत होती. मी पोलीस, हे तिला ठाऊक होतं. मुलीचं नावही काढलं नाही, लग्नाच्याच गप्पा मारल्या.

"थाट मोठा आहे, आजी. करवली शेजारून आणणार वाटतं?"

आजी ताडकन उठली. "शेजारची? माझ्या पोराच्या मागं कलश घेऊन शेजारची पोर उभी राहनार? घरात नात हाय माझी! जरीचा परकर शिवलाय तिला! उद्या हळदीला या, बघा कशी दिसते!"

आतून बाप ओरडला, "आई!" पण सुरत तेवढ्यात उमेळ्यात आली होती.

स्टेशन डायरीत नोंद केली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, कोर्टाचा बेलीफ, महिला शिपाई आणि मुलीच्या आईला घेऊन साध्या कपड्यांत हळदीला गेलो. पोरगी मांडवात नाचत होती. आई दिसताच धावली आणि हळदीचे हात तिच्या गालांना फासले. "आई, किती उशीर केलास! हळद संपत आली!"

बेलीफने पंचांसमक्ष ताबा दिला. बापाने मान खाली घालून सही केली. आजी मात्र रडायला लागली. "उद्या करवली कुठून आनू गं?"

पिवळ्या गालांची आई कडाडली, "आदेश पुरता वाचलात का कुणी? रविवार तिच्या बाबांचाच आहे! उद्या रविवार. सकाळी मीच आणून सोडते."

मी तिला बाजूला घेतलं. "ताई, पुन्हा दडवली तर?"

"आदेश यांनी मोडला, साहेब. मी मोडणार नाही."

मुलाला दडवून ठेवणाऱ्याला मी आजही गुन्हेगारच म्हणतो, मग तो बाप असो की आई. पण तेव्हापासून ताब्याच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही घरांना समोर बसवून आदेश शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचू लागलो. अर्धी भांडणं तिथेच विरतात.

रविवारी संध्याकाळी राहवलं नाही, म्हणून विरारला त्या इमारतीखाली उभा राहिलो. बापाची स्कूटर आली. जरीच्या परकरातली करवली पुढे उभी राहून एकसारखा हॉर्न वाजवत होती.

"आई, खाली ये! आजीने दिलेले लाडू एकटीला उचलत नाहीत!"