उजव्या खांबाचा नारळ

बेळगाव स्टेशनातून गाडी हलली तेव्हा माझा एक हात खिडकीच्या गजावर होता आणि दुसरा मांडीवरच्या पिशवीवर. पिशवीत दोन धोतरं, क्विनाईनची पुडी आणि आमच्या क्लबाच्या इतिहासाची वही. वहीत सगळं लिहून झालं होतं, एकच पान कोरं होतं. त्या पानासाठी मी जोयड्याकडच्या रानात, दिग्गीला निघालो होतो, आणि तिथे पोहोचूच नये असंही मधूनमधून वाटत होतं.

माझे वडील छावणीत टांग्याच्या घोड्यांना नाल मारत. हे मी कोणापासून लपवत नाही. त्या नालांवर मी धारवाडला शिकलो आणि बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला; आता शाळेत मास्तर आहे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून मी आमच्या गल्लीच्या कोटतळ फुटबॉल क्लबाचा. मला स्वतःला चेंडू कधी नीट मारता आला नाही. ओरडायला मात्र माझ्याइतका कोणी नव्हता. क्लबाला पंचवीस वर्षं होतात म्हणून इतिहास छापायचं ठरलं, तेव्हा कमिटी म्हणाली, "बी.ए. तूच आहेस, तूच लिही."

कोरं पान अठरा वर्षांपूर्वीच्या शिल्डच्या फायनलचं. समोर तोफखान्याची बूटवाली टीम, आमची अनवाणी. आमचा गोलकीपर भिकू, दिग्गीचा कुणबी, लाकडाच्या वखारीत कामाला आलेला. त्या सीझनात त्याने एकही गोल जाऊ दिला नव्हता. फायनलच्या सकाळी भिकू नाहीसा झाला. मैदानावर उजव्या खांबाच्या बुडाशी नारळ, पानाचा विडा आणि मूठभर तांदूळ ठेवलेले होते. ते सगळ्यांत आधी मी पाहिले. वय सोळा. "करणी! भिकूनं करणी केली!" म्हणून मी बोंबललो आणि नारळ लाथेने उडवला. बदली गोलकीपर भेदरला, काही केल्या त्या खांबाकडे सरकेना. चार गोल झाले, सगळे त्याच बाजूने. भिकू फितूर, हे संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

ती लाथ मी अठरा वर्षं अभिमानाने सांगत आलो. पण 'फितूर' हा शब्द शाईने लिहायची वेळ आली आणि हात अडला. बोललेलं वाऱ्यावर जातं, छापलेलं राहतं. "एकदा त्याला विचारून येतो," म्हणालो. कमिटीतले म्हणाले, "त्यात विचारायचं काय राहिलंय?"

खानापूर मागे पडलं तशी झाडं रुळांच्या जवळजवळ येऊ लागली. लोंढ्याला चहा घेतला, अर्धा तसाच ठेवला. कॅसलरॉकला गोव्याची हद्द, म्हणून जकातीचा शिपाई पिशवी उपसू लागला. त्याने वही उघडून उलटी धरली. "हे काय?"

"इतिहास."

"कुणाचा?"

"फुटबॉलचा."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जकात चुकवूनच चाललो आहे.

स्टेशनाबाहेर परसू भेटला. मूळचा खानापूरकडचा, बैलाच्या पाठीवर मीठ आणि सुकी मासळी लादून रानातल्या गावांत विकतो. दिग्गीपर्यंत सोबत देतो म्हणाला. वाट अशी की दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांना भिडलेली, भरदुपारी खाली सांजवेळ. सुकं पान वाजलं तरी मी थांबे.

"परसू, इकडे वाघ आहे ना?"

"हाय की. पण घाबरू नका मास्तर, त्याला बैल आवडतोय."

"आणि बैल नसला तर?"

"मग मी हाय. तुमचा लंबर तिसरा. शिकल्याली माणसं चिवट असत्यात, वाघ म्हातारा हाय."

मला हसू आलं नाही. दोन ओढे ओलांडले, तिसऱ्यात पाय घसरून मी कंबरेपर्यंत भिजलो. पिशवी मात्र डोक्यावर धरली होती. काठावर पाहतो तर पोटरीला तीन जळवा. परसूने मासळीच्या पोत्याखालचं चिमूटभर मीठ टाकून त्या सोडवल्या आणि विचारलं, "भिकूकडं काय काम हाय?"

"जुनी ओळख आहे."

"तुम्ही बेळगावचे. बेळगावच्या माणसाची ओळख तो सांगत न्हाई कधी."

एवढ्यावर त्याने बैलाला हाकललं. पुढची वाट मी त्या एका वाक्यावरच चाललो.

दिवस मावळायच्या आत बाजारकुणंग हे वाटेवरचं गाव गाठलं. परसूच्या ओळखीच्या घरी ओसरीवर जागा मिळाली. घरधनीण अव्वाने उकड्या तांदळाची पेज, भाजलेला कोन (रानातला कंद) आणि तांबड्या मुंग्यांची आंबट-तिखट चटणी वाढली. मुंग्या आहेत हे खाऊन झाल्यावर कळलं. मी पाण्याचा तांब्या उचलताच अव्वा म्हणाली, "भिऊ नको बाबा. त्या मेल्यात, तू जिता हाईस." तरी झोपण्यापूर्वी मी क्विनाईनच्या एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या. हिवताप येईल ही भीती होतीच. दुसरी भीती अशी, की भिकू "व्हय, मीच केली करणी" म्हणेल. आणि तिसरी, सगळ्यांत वाईट: तो "न्हाई" म्हणेल.

सकाळी निघून दुपारच्या आत दिग्गी. घरं विखुरलेली, मधे पिवळी पडलेली भातं, पलीकडे पुन्हा डोंगर. परसूने एका खळ्याकडे (मळणीच्या अंगणाकडे) बोट दाखवलं. खळ्याच्या कडेला दोन खांब उभे होते, वर आडवा बांबू, त्यावर भोपळ्याचा वेल. मांडव म्हणावा तर फार रुंद. मी एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत पावलं टाकली. आठ. आमच्या मैदानावरच्या गोलच्या खांबांतही आठच.

"मोजू नको, बरोबर हाय," मागून आवाज आला.

केस पांढरे झालेले, गुडघे वाकलेले, पण हात तेच, सुपाएवढे. मी नाव सांगितलं. त्याला ते आठवेना. "नालबंदाचा मुलगा," म्हणालो.

"आरं, तो बोंबल्या व्हय तू?" त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुझ्या आवाजानं माझा कान गेला होता. बस."

त्याची बायको गूळ आणि पाणी घेऊन आली. बेळगाव ऐकताच तिने तांब्या जरा आपटूनच ठेवला. परसू बैल सोडायच्या निमित्ताने लांब गेला. मी वही मांडीवर घेतली, पण उघडली नाही.

"भिकूअण्णा, त्या सकाळी तुम्ही गेलात कुठे?"

"इथं. दुसरीकडं कुठं जाणार? आदल्या सांजेला गावचा माणूस आला, थोरला भाऊ गेला म्हणून. देवाला नवं कणीस वाहायचा मान आमच्या घराचा, भावामागं तो माझ्याकडं आला. ते वाहिल्याबिगर गावात कुणी नवा दाणा तोंडात घालत न्हाई. जुनं भात सरलं होतं. पोरं कंद उकडून खात होती. एका चेंडूपायी गाव उपाशी ठेवू?"

"पण कोणाला सांगितलंत का नाही?"

"सांगितलं की!" तो चकित झाला. "उजाडायच्या आत मैदानावर गेलो. खांबाशी नारळ ठेवला, विडा ठेवला, तांदूळ ठेवलं. राखणदाराला (जागा राखणाऱ्या देवाला) म्हणालो, मी चाललो, आजच्या दिवस तू उभा ऱ्हा. आमच्यात शेत टाकून जायचं झालं तर बांधावर नारळ ठेवत्यात. बघणाऱ्याला कळतंय, धनी गेलाय, राखण लावून गेलाय. मग जो तो तिकडं नजर ठेवतोय. लहान पोरालाबी ठाऊक असतंय हे."

मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे जमिनीवर ठेवलेला नारळ दिसला की माणूस वळसा घालून जातो.

"म्हयन्यानं परत निघालो होतो," तो सांगू लागला. "कॅसलरॉकला एक गाडीवान भेटला. म्हणाला, तुमची टीम हरली, जाऊ नको, तंगडी मोडतील. का मोडतील ते त्यालाबी ठाऊक न्हवतं. तवा आलो मागं आणि हे खांब पुरलं." मग त्याने विचारलं, "त्या दिवशी किती झालं?"

"चार."

"कुणीकडनं?"

"उजवीकडून."

"उजवीकडनं?" तो पुढे सरकला. "तिथं तर राखण लावली होती. नारळ कुणी हलवला?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. पावसाने वाहून नेला, गुरांनी तुडवला, काहीही. आजवर कितीतरी परीक्षा दिल्या, इतका अवघड प्रश्न कधी आला नव्हता.

"मी," म्हणालो. "मी लाथ मारली. करणी म्हणून पहिला मीच ओरडलो. तुम्ही फितूर झालात हे सगळीकडे मीच सांगत आलो."

आधी त्याची बायकोच म्हणाली, "शिकल्यात म्हणं."

भिकू उठला, खांबापाशी जाऊन भोपळ्याचा वेल उगाच सारखा करू लागला. पाठ माझ्याकडे. तसाच म्हणाला, "राखणदाराला लाथ घातलीस. मग गोल जायचं न्हाई तर काय व्हायचं? आणि आळ माझ्यावर!" तो हसला असं मला वाटलं, पण वळला तेव्हा डोळे ओले होते. "अठरा सालं मी हिकडं म्हणतोय, राखणदार कसा कमी पडला?"

मी क्षमा मागितली. त्याने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. जेवायला मात्र बसवलं. निघताना घरातून एक नारळ आणला आणि माझ्या हातात दिला.

"त्याच खांबाशी ठेव. उजव्या. आणि पाय आवर."

परतीला कॅसलरॉकच्या त्याच शिपायाने नारळ कानाशी धरून हलवला. "हाही इतिहासच का?" मी हो म्हणालो. लोंढ्यापासून पुढे मात्र मला पुन्हा भीती वाटू लागली. दिग्गीत एका माणसासमोर बोललो होतो, आता अख्ख्या गल्लीसमोर उभं राहायचं होतं.

रविवारी मॅच होती. माणसं भरल्यावर मी सर्वांदेखत मैदानात गेलो आणि उजव्या खांबाशी नारळ, विडा, तांदूळ ठेवले. आमचा हल्लीचा गोलकीपर दोन पावलं मागे सरला. "मास्तर, हे काय? करणी?" गर्दीतून एकजण पाय उगारतच धावत आला. मी नारळाच्या पुढे उभा राहिलो आणि जन्मभर ज्या आवाजाने ओरडलो, त्याच आवाजात सगळं सांगितलं. माझं नाव घेऊन सांगितलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका जुन्या मेंबराने खाली मान घातली, एकाने शिवी दिली. पण नारळ कोणी हलवला नाही.

वहीतलं ते पान आता छापखान्यात गेलं आहे. कमिटीला माझी लाथ त्यात नको होती. मग बी.ए. दुसरा शोधा, असं मी त्यांना सांगितलं.

त्या दिवशीही आम्ही हरलो. दोन गोल झाले, दोन्ही डाव्या बाजूने. भिकूला वाचता येत नाही, म्हणून परसूकडून तोंडी निरोप पाठवला आहे: उजवी बाजू राखली गेली.