दुसरा ऑसिलेटर

आमचे भावजी रंगाच्या दुकानात रंग मिसळून देतात. गिऱ्हाइकानं पिवळा मागितला की हे विचारणार, "कुठला पिवळा?" मग गिऱ्हाईकच पिवळं पडतं. तेवढ्यावर भागलं असतं तर देव पावला म्हटलं असतं. पण त्यांना लॅपटॉपवर आवाज घडवायचा नाद लागला.

त्यासाठी मागची खोली हवी. तिथे ताईचं शिलाई मशीन. ते गेलं बाल्कनीत, आणि माझी बहीण भर उन्हात डोळे मिचकावत लोकांचे कपडे शिवू लागली. "लिफ्ट कंपनीनं माझा आवाज घेतला की दुकान सोडतो. नाही घेतला तर खोली तुझी," भावजींनी छातीठोकपणे सांगितलं. लिफ्टचं दार उघडताना घुमणारा एक सूर, त्यासाठी अख्खी खोली!

मी गेले की मला समोर बसवायचे. "मेहुणीबाई, सॉफ्टवेअरमध्ये दोन ऑसिलेटर. दोघे एकच सूर काढतात, पण दुसरा केसभर बेसूर ठेवायचा. मग आवाज कसा थरथरतो बघा. संसारच की हो!" संसारात बेसूर कोण, ते मी विचारलं नाही. डोक्यावर पंखा गरगरत असायचा, भावजी डोळे मिटून बटण फिरवायचे, आणि सूर खरंच थरथरायचा. खोटं कशाला बोलू, अंगावर काटा यायचा.

कंपनीत ऐकवायला आम्ही तिघंही गेलो. एसीची गार, चिडीचूप खोली. भावजींनी आवाज लावला. पींऽऽऽ. थरथर नाही, काही नाही. तिथल्या इंजिनिअर बाई लॅपटॉपमध्ये डोकावल्या. "अहो, तुमचा दुसरा ऑसिलेटर बंदच आहे."

म्हणजे इतके महिने हे बंद पडलेल्याचेच कान पिळत होते! बाईंनी तो चालू केला, तर मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज निघाला. भावजींनी हळूच छताकडे पाहिलं. थरथर घरच्या पंख्याची होती हो! पाती आवाज कापत होती आणि मिरवत होते आमचे भावजी.

"इथे एखादा पंखा मिळेल का?" त्यांनी विचारलं. नाचता येईना, अंगण वाकडं!

"लिफ्टमध्येही लावायचा का?" बाई म्हणाल्या.

संध्याकाळी मशीन आत आलं, लॅपटॉप बाल्कनीत गेला. भावजींचं तोंड एवढंसं झालेलं. मला कीव आली, खरंच आली. थोड्या वेळानं बाहेरून हाक आली, "अगं, उकडतंय. टेबलफॅन दे ना इकडे."

ताईनं सुईत दोरा ओवला आणि मान वर न करता म्हणाली, "आधी तो दुसरा ऑसिलेटर चालू करा."