ओळखीचं पाणी

"आधी ओळखीचं पाणी," मास्तर म्हणायचे, आणि यंत्राची काचेची नाजूक नळी टाकणखाराच्या पाण्यात बुडवून काटा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून उभे राहायचे. मागे मॅनेजर पाय आपटत असला तरी उसाच्या रसाला त्याआधी हात नाही.

मास्तर म्हणजे आमच्या साखर कारखान्याचे केमिस्ट. पूर्वी नगरला शाळेत शिकवत, म्हणून मास्तर. मी त्यांच्या हाताखाली होतो. लढाईचे दिवस होते. रसात चुना किती घालायचा ते ठरवायला विलायतेहून पीएच, म्हणजे रसाचा आंबटपणा-खारेपणा, मोजायचं यंत्र आलेलं होतं. चुना कमी पडला की रस आंबट राहतो आणि तापवताना त्यातली साखर नासते. जास्त पडला की साखर काळवंडते. आता यंत्राचा काटा रोज थोडा भरकटायचा. म्हणून ज्याचा पीएच आधीच ठाऊक आहे असं पाणी बाटलीत करून ठेवायचं, रोज सकाळी नळी त्यात बुडवायची, काटा ठरलेल्या आकड्यावर आणायचा आणि मग रस तपासायचा. पुस्तकात त्या पाण्याला बफर म्हणतात. मास्तरांचं ते ओळखीचं पाणी.

कामाची सवय घरापर्यंत नेणारा असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. मास्तर बाजारात जाताना खिशात स्वतःचं पावशेराचं वजन ठेवत. वाण्याच्या तराजूत आधी ते टाकायचे. "मास्तर, आमच्यावर इस्वास न्हाई व्हय?" वाणी विचारायचा. "तुमच्यावर आहे हो," मास्तर म्हणायचे आणि वजन टाकायचेच. एकदा वहिनींना ताप आला. मी समाचाराला गेलो तर यांनी थर्मामीटर आधी माझ्या काखेत खुपसला. "तुम्ही धडधाकट आहात. आधी तुमच्यावर बघू." वहिनी तापातही हसल्या. मी मात्र बराच वेळ हात आवळून बसलो होतो.

चुन्याच्या टाकीवर रखमाजी होता. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडच्या डोंगरातला, कमी बोलणारा, वयानं आमच्याच बरोबरीचा. मास्तर आकडा सांगायचे आणि तो तेवढा चुना सोडायचा. दोघांचं चांगलं जमत असे. रखमाजी घरचा तांदूळ आणायचा, मास्तर त्याच्या खोकल्यावर काढ्याची पुडी द्यायचे.

त्या हंगामात साखर कमी आणि मळीच जास्त निघू लागली. रस कुठेतरी आंबट राहतोय हे उघड होतं. पण आमच्या तपासणीत तर रस ठीक येत होता. मॅनेजरनं हिशेब मांडला, की नमुना न्यायच्या वेळेपुरता रखमाजी चुना सोडतो आणि एरवी झोपा काढतो. मॅनेजर हा प्राणी असाच असतो, त्याला दोष ठेवायला माणूस लागतो आणि तो जवळचा व गरीब असला तर फारच उत्तम.

रखमाजीला लॅबोरेटरीत उभं केलं. "मास्तर सांगत्यात तेवढा टाकला. कमी न्हाई, जास्ती न्हाई," तो म्हणाला. मॅनेजरनं मास्तरांकडे पाहिलं.

"यंत्रात चूक नाही," मास्तर म्हणाले. "रोज सकाळी ओळखीच्या पाण्यात बुडवून पाहतो मी."

ते खोटं बोलले नाहीत. रखमाजीनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि त्याच दिवशी वळकटी घेऊन तो गेला. झोपाळू म्हणून त्याचं नाव झालं, आसपासच्या कुठल्याच कारखान्यात त्याला कोणी उभं करेना. रस्त्याच्या खडीवर काम करतो असं कानावर आलं होतं.

पुढच्या हंगामाच्या तोंडावर मास्तरांनी नवा टाकणखार विरघळवून ताजं पाणी केलं. काटा त्यावर लावला आणि सहज म्हणून नळी जुन्या बाटलीत बुडवली. काटा खाली सरकला. त्यांनी नळी धुऊन पुन्हा बुडवली. पुन्हा तेच. जुन्या बाटलीचं काचेचं बूच फुटल्यावर लढाईमुळं दुसरं मिळालं नव्हतं, म्हणून त्यांनी साधं बूच बसवलं होतं. त्यातून हवा लागून पाण्याचा खारेपणा उतरत गेला होता. त्या उतरलेल्या पाण्यावर आम्ही काटा रोज वर चढवत होतो, म्हणून आंबट रसही ठीक दिसत होता आणि चुना कमी सांगितला जात होता. मास्तर स्टुलावर बसले.

"सगळं याच्यावर तपासलं," ते म्हणाले. "हे कशावर तपासलं?"

ते मॅनेजरकडे गेले. "झालं गेलं, आता उकरून काय मिळणार?" असं ऐकून परत आले. मग आम्ही दोघं अकोल्याला गेलो. मोटारीतून उतरल्यावर डोंगरात बरंच चालायचं होतं. रखमाजीची बायको खळ्यावर भात झोडत होती. तिचं कपाळ पाहिलं आणि विचारायचं काही उरलं नाही. पावसाळ्यात हिवतापानं गेला होता. औषध मिळालं नव्हतं.

मास्तरांनी तिला उभ्यानंच सांगितलं, "बाई, त्याची चूक नव्हती. माझी होती."

तिनं हातातली पेंढी खाली ठेवली. "आता मला सांगून काय उपेग, मास्तर? त्यास्नी सांगायचं हुतं. शेवटपातुर म्हनत हुते, मास्तर खोटं बोलायचे न्हाईत, मंग माजंच कायतरी चुकलं आसंल."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. मास्तर तसेच उभे राहिले. तिनं आम्हाला पाणी दिलं, मास्तर ते प्याले.

त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली नाही, पण "ओळखीचं पाणी" हे शब्द पुन्हा कधी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. बफर आठवड्याला ओतून द्यायचे आणि नवं करायचे. खिशातलं वजनही गेलं. वाण्यानं मापात मारलं तरी बघायचे नाहीत.

दोनेक वर्षांनी ते नगरला घरी अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांचं अंग नुसतं भाजत होतं. वहिनींनी थर्मामीटर माझ्या हातात दिला. मास्तरांना जरा बरं वाटावं म्हणून मी तो आधी माझ्याच काखेत धरला आणि म्हणालो, "धडधाकट माणसावर आधी, नाही का मास्तर?"

ते हसले नाहीत.

"तुम्ही धडधाकट आहात," ते म्हणाले, "हे कोणी पाहिलं?"

मी थर्मामीटर झटकून त्यांच्या काखेत ठेवला. ताप किती आहे ते त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.