बिनचपलेचे भोयर

मे महिन्यातली दुपार. जेवण झालंय, भांडी तशीच पडलीत. कूलरमध्ये दोन बादल्या पाणी टाकलंय आणि मी दुकानातच, शिलाई मशीनच्या बाजूला सतरंजी टाकून आडवी झालेय. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. पाटी अजून आहे, 'भोयर टेलर्स'. टेलर जाऊन अकरा महिने झाले. डोळा लागतो न लागतो तोच मशीनचं पायडल हलायला लागतं.

"झोपली काय वं, पंचफुला?"

"झोपली असती तर बोलली असती का?" मी म्हणते, आणि मगच आठवतं की हे गेलेले आहेत.

हे म्हणजे माझे मालक, महादेवराव भोयर. आर्वीत त्यांना या नावानं कोणी ओळखतच नव्हतं. 'बिनचपलेचे भोयर' म्हणायचे. वेगळ्या विदर्भाच्या एका सभेत तिघांनी स्टेजवर चढून शपथ घेतली, की आपलं राज्य झाल्याशिवाय पायात चप्पल घालणार नाही. एकानं पंधरा दिवसांत बूट घातले. दुसऱ्यानं पक्ष बदलला आणि त्याबरोबर चपलाही चढवल्या. यांनी मात्र सत्तावीस वर्षं पाळली. सत्तावीस उन्हाळे, आमच्याकडच्या उन्हात, डांबरावरून! लोक हार घालायचे आणि मी संध्याकाळी तळपायाला तूप चोळायची. इतका जळफळाट व्हायचा माझा, की कधी कधी मुद्दाम जोरात चोळायची.

वेगळं राज्य कशाला, असं कोणी विचारलं की हे कापायच्या टेबलावर ठाण उलगडून दाखवायचे. "एवढं मोठं कापड एका अंगाले कसं बसन? चांगले चार सदरे निघतात याचे. ज्याचा त्यानं घालावा." आणि खडूनं चार रेघा मारायचे. गिऱ्हाईक हसायचं. हे हसायचे नाहीत. आमचा रूपेश पुण्याला कंपनीत लागला त्या दिवशी तर जेवलेही नाहीत. "आपलं राज्य असतं तर पोट्टं इथंच राह्यलं असतं," एवढंच म्हणाले.

मी डोळे उघडते. पायडलवर पाय आहेत आणि पायांत चपला आहेत. तपकिरी, रुंद पट्ट्याच्या. मीच आणलेल्या.

मी उठून बसते.

यांना साखर होती. पायाला खिळा लागला, जखम चिघळली, अंगठा काढावा लागला. डॉक्टर ओरडले, पाय उघडा ठेवू नका म्हणून. हे ऐकतात कुठं! मग एका गुरुवारी वार्डात मी यांच्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, झालं हो, आपलं राज्य झालं, बातम्यांत सांगितलं. तापात होते. विश्वास ठेवला. "मंग चप्पल आण," म्हणाले. अनवाणी चालून पाऊल असं पसरलेलं की नंबर सांगता येईना. शेवटी रद्दीच्या कागदावर त्यांच्याच खडूनं पाऊल काढलं आणि तो कागद घेऊन दुकानं पालथी घातली. चपला घालून हे पलंगापासून दारापर्यंत चालले, आणि परत. लहान लेकरासारखे हसले. "लय मऊ लागते वं." शनिवारी गेले. त्या माणसानं जन्मात एकच गोष्ट धरून ठेवली होती. ती मी शेवटच्या दोन दिवसांत मोडली, आणि त्यांना कळूही दिलं नाही. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, रूपेशलाही नाही.

"चाल," हे उठतात.

"कुठं?"

"राज्य पाहाले. अकरा महिने झाले, मले कोणी काही दाखवलंच नाही."

टेबलावरचं ठाण उलगडत जातं आणि आम्ही त्याच्यावरून चालायला लागतो. डाव्या हाताला मशीन आहे, उजव्या हाताला दवाखान्याचा वार्ड, पांढऱ्या चादरी टाकलेल्या. पलंगांवर आमच्या गिऱ्हाइकांचे न नेलेले कपडे झोपलेत.

"डॉक्टर हाय आता इथं? की अजून नागपूरलेच पाठवते?"

"हाय न. दोन दोन डॉक्टर हाय," मी म्हणते. लगेच एका खाटेमागून पांढरा कोट उभा राहतो आणि मान हलवतो.

"अन् सूतगिरणी?"

"चालू झाली."

लांब कुठंतरी भोंगा वाजतो. हे थबकून ऐकतात, डोळे मिटून. मायबाई, खोटं बोलणं इतकं सोपं असतं! मी बोलते आणि होतं. कालव्याला पाणी येतं, बंद शाळेचं दार उघडतं. मला वाटतं, असंच बोलत राहावं. काय बिघडलं?

वार्ड संपतो आणि पायाखाली हायवे असतो. सिंदखेडराजाच्या पुढचा, जिथून पुण्याच्या ट्रॅव्हल्स जातात. ऊन रणरणतंय. रस्त्यावर आडवी एक पांढरी रेघ आहे, टेलरच्या खडूची.

"हेच काय आपली सीमा?"

"हेच."

हे वाकून रेघेवरून बोट फिरवतात. "बारीक हाय," म्हणतात. "चालन." मग उभे राहून इकडेतिकडे बघतात. "रूपेश कुठं हाय? आता तर तो वापस आला असन."

"आला न," मी म्हणते.

आणि थांबते. भोंगा वाजला, कालवा भरला, पण कोणी येत नाही. हे वाट बघतायत, मीही बघतेय. मागून ट्रॅव्हल्स येते. खिडकीत रूपेश बसलाय, कानाला फोन, मांडीवर मी दिलेला तिळाच्या चटणीचा डबा. हे हात वर करतात, "रूप्या!" म्हणून ओरडतात. गाडी खडूची रेघ पुसत पलीकडे निघून जाते.

"हा तर तिकडंच जाऊन राह्यला," हे म्हणतात.

मी पुसलेल्या रेघेकडे बघते.

"पंचफुला, मंग राज्य कायचं झालं?"

"नाही झालं!" माझा बांध फुटतो. "काही नाही झालं. मी खोटं बोलली. तुमचा पाय सडत होता, मले पाहवत नव्हतं. काय करू मी? तुमी ऐकत होते का कोणाचं?"

ते चिडत नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. खाली पायांकडे बघत राहतात.

"म्हणजे दोन दिवस म्या उगाच घातल्या."

"माफ करा मले."

"तुहा काही दोष नाही वं. मऊ लागत होत्या." मग माझ्याकडे न बघता हळूच विचारतात, "पण होईन का कधी?"

आत्ताही मला खोटं बोलता येतं. एक 'हो' म्हणायचं, बस. हे समोर उभे आहेत, तोंड उन्हानं काळवंडलेलं, आणि एका 'हो'वर हा माणूस आणखी शंभर वर्षं काढेल. पण माझी जीभ उचलत नाही.

"मले नाही वाटत," मी म्हणते.

हे मान हलवतात. पट्टे सोडतात, चपला काढतात आणि माझ्या हातात देतात. डांबर वितळलंय. त्यांचा पाय पडतो तिथं चर्र असा आवाज होतो.

"अहो, घाला! आता कोण बघतंय तुमाले?"

"मीच पाहून राह्यलो न," म्हणतात, आणि चालायला लागतात. मी पळते, हाका मारते. माझ्या पायाखाली मात्र नुसती सतरंजी गोळा होत राहते.

कूलरमधलं पाणी संपलंय. गरम वारा तोंडावर येतोय. मशीन गप्प आहे. मी पडल्यापडल्याच हात लांब करून मशीनखालचं खोकं ओढते. चपला मी त्यातच ठेवल्या होत्या. फक्त वार्डातल्या फरशीवर चाललेल्या, तळवे कोरे, एका तळव्याला किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली.

चिठ्ठी नाहीये. दोन्ही तळव्यांना डांबर लागलंय, त्यात बारीक खडी रुतलेली. बोट लावलं तर डांबर अजून गरम आहे, मऊ आहे.

म्हणजे ते आले होते. इथवर चालत आले होते, चपला घालून.

आणि चपला इथं आहेत. म्हणजे जाताना ते अनवाणीच गेले.