उसवलेला मोर

आमच्या नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, खोटं बोलता येत नाही. सोमनाथ त्यांचं नाव. येवल्यात चाळीस वर्षं मागावर बसून पैठणी विणतात. "किती दिवसांत होईल?" असं गिऱ्हाईकाने विचारलं की बाकीचे विणकर "महिन्यात" म्हणून मोकळे होतात. नाना तीन महिने सांगतात आणि गिऱ्हाईक घालवतात. आई म्हणते, हरिश्चंद्र नेमका माझ्याच वाट्याला यायचा होता!

त्यांची मुलगी मी, तेजस्विनी. विद्यापीठात प्रायोगिक चित्रपट आणि व्हिडिओ आर्ट शिकते. गल्लीत कुणी विचारलं तर नाना सांगतात, "पिक्चर काढती. पण गाणी नाय त्यात, गोष्ट नाय." विचारणारा विषय बदलतो. नाना मात्र हे छाती फुगवून सांगतात.

गेल्या सत्रात मी त्यांच्यावरच फिल्म केली. मागावर पदर चालू होता. त्यातला एक मोर विणायला नानांना सहा दिवस लागले. मी ते सगळं शूट केलं आणि सहा मिनिटांत बसवून उलटं चालवलं. आधी तुरा, मग मान, मग पिसारा, असा एकेक धागा निघत मोर नाहीसा होतो. उलटा आवाज कुणालाही ओळखू आला असता, म्हणून तो काढून टाकला. आमच्या उज्वला मॅडमना त्या शांततेतही काय काय ऐकू आलं!

भर वर्गात त्यांनी विचारलं, "तेजस्विनी, वडिलांनी विणलेला मोर खरंच उसवला?"

मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. पण सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. मी म्हटलं, "हो. माझ्यासाठी."

वर्गात सगळ्यांत जास्त गुण मला मिळाले. लाज वाटली का? खरं सांगते, त्या दिवशी नाही वाटली.

मे महिन्यात नाशिकच्या एका सभागृहात आमच्या कामांचं प्रदर्शन लागलं. नाना इस्त्रीचा सदरा घालून एसटीने आले आणि पडद्यासमोर उभे राहिले. तेव्हा कुठे माझी चूक माझ्या लक्षात आली. पडद्यावर त्यांचा हात फणीवर होता. विणताना प्रत्येक धागा फणीने ठोकून बसवतात, पण उसवताना फणीला कुणी हात लावत नाही. मॅडमना हे कळणार नव्हतं, येवल्यातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मॅडम पुढे आल्या. नानांना हात जोडून म्हणाल्या, "सहा दिवसांचं काम तुम्ही मुलीसाठी उसवलंत. मी सगळ्यांना तुमचं उदाहरण देते."

नानांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी मान आपोआप खाली गेली.

"हो," नाना म्हणाले. "उसवला."

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. विंचूरला त्यांनी खिडकीतून शेंगा घेतल्या आणि निम्म्या माझ्या ओंजळीत ओतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली ती माग वाजत नव्हता म्हणून. बाहेरच्या खोलीत नाना मागावरच बसले होते. मोरानंतर वीतभर पदर विणून झाला होता, तो ते धाग्याधाग्याने उसवत होते.

"नाना, हे काय करताय?"

"मोरापर्यंत जायचंय."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "थांबा ना. मी मॅडमना आत्ता फोन करते. खरं काय ते सांगते."

"मंग मी खोटा पडंन," ते वर न बघताच म्हणाले. "चारचौघांत हो म्हणून आलोय."

मी हातातला फोन खाली ठेवला. नानांनी एक रिकामी कांडी माझ्यापुढे केली. सुटून येणारं रेशीम मी तिच्यावर गुंडाळत बसले. मी भराभर गुंडाळू लागले, तर म्हणाले, "हळू. तुटंल."

पाचव्या दिवशी मोराचा तुरा सुटला. माझ्या फिल्ममध्ये तो चार सेकंदांत जातो. पिसाऱ्याचं शेवटचं पीस निघेपर्यंत मी त्यांच्यासमोर बसून होते. एवढ्या दिवसांत नानांनी फणीला एकदाही हात लावला नाही.