विकणाऱ्याच्या बाजूचं गिऱ्हाईक

अख्ख्या सोलापुरात विकणाऱ्याच्या बाजूनं घासाघीस करणारं एकच गिऱ्हाईक होतं, आणि ते नेमकं आमच्या आत्याच्या पदरात पडलं होतं. आत्याचे यजमान म्हणून आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी, डोक्यावर काळी टोपी, हातात कापडी पिशवी आणि चालण्यात सदैव गाडी सुटत असल्याची घाई. भाजीवालीनं मेथीची जुडी चार आण्याला सांगितली की आतोबा ती उलटीपालटी करून विचारायचे, "चार आण्यात तुला काय उरतं? पाणी कुठनं आणतेस?" भाजीवाली आधी दचकायची, हा म्युनिसिपालटीचा माणूस असावा अशा संशयानं पाटी जवळ ओढायची, मग हळूहळू विहीर आटल्याचं, नवऱ्याच्या पाठदुखीचं सगळं सांगायची, आणि आतोबा सहा आणे देऊन वर "हिशेबानं विकत जा" असा दम भरून निघायचे. आत्या म्हणायची, "ह्यांना बाजारात धाडण्यापेक्षा पैसे रस्त्यावर टाकलेले बरे, निदान भाजी निवडायचे श्रम तरी वाचतात." हे ती त्यांच्यासमोरच म्हणायची आणि आतोबा मान डोलवायचे, जणू चर्चा तिसऱ्याच माणसाची चालली होती.

अशा माणसाला जुन्या वस्तूंचा नाद लागू नये, पण लागला होता. तोही अडकित्त्यांचा. स्वतः सुपारीचं खांडही तोंडात घालत नसत, पण पितळी अडकित्ता दिसला की त्यांचे पाय थबकायचे. मोराचे, पोपटाचे, घोड्यावर बसलेल्या स्वाराचे, एकमेकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नवराबायकोचे. पाती मिटली की ती दोघं जवळ येतात आणि उघडली की रुसतात, हे ते आल्यागेल्याला उघडमीट करून दाखवायचे. ज्या वस्तू बाजारात मोडीच्या भावानं, म्हणजे निव्वळ पितळेच्या वजनावर विकल्या जायच्या, त्यांची खरी किंमत आतोबांना बरोबर कळायची. दुसऱ्या कुणाला एवढं कळत असतं तर त्यानं घर भरलं असतं. आतोबांच्या कपाटाचा मात्र एकच कप्पा जेमतेम भरला होता, कारण त्यांचा एक नियम होता. ज्याची वस्तू, त्याला ती काय आहे हे आधी कळलं पाहिजे. मग किंमत.

त्यामुळे व्हायचं असं की आतोबा उकिडवे बसून विकणाऱ्याला त्याच्याच अडकित्त्याचं कौतुक सांगायला लागायचे. हा मोर बघा, पिसारा एकाच ओतीव तुकड्यातला आहे, असं काम आता कुणी करत नाही, जाणकार याचे अमुक देतील. एवढं ऐकल्यावर कोण विकतो? स्टेशनरोडच्या एका पानवाल्याकडे असा मोर होता. पानवाला अक्कलकोटकडचा. त्यानं आतोबांचं व्याख्यान ऐकलं, अडकित्ता धोतरानं पुसला आणि दुसऱ्या दिवशी तो काचेच्या फ्रेमीत घालून गल्ल्यावर टांगला, उदबत्ती लावून. सुपारी तो लोखंडी अडकित्त्यानं कातरायला लागला. आतोबांनी पुढंही कधी विचारलं तर म्हणायचा, "नाही री साहेब, आता तो देव झाला." आतोबांना याचा आनंदच झाला होता. येताजाता ते थांबून त्या फ्रेमीकडे बघायचे आणि पान न खाताच पुढे जायचे.

मंगळवारच्या बाजारात जुन्या सामानाची पथारी मांडणारे एक म्हातारे चाचा होते. आतोबा लांबून दिसले की ते मालावर गोणपाट टाकायचे. कारण आतोबा नुसते घ्यायला येत नसत. शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही खरंखोटं सांगत, आणि चाचांकडे कुणी घरचं भांडं विकायला आलं असेल तर त्यालाही. चाचा हात जोडून म्हणायचे, "साब, चाय पिओ, बिस्कुट खाओ, पन मूँ नक्को खोलो." आतोबा चहा प्यायचे, बिस्कुट खायचे आणि तोंड उघडायचे.

मी त्या वर्षी बी.ए. होऊन नोकरीच्या शोधात आत्याकडे राहिलो होतो. वेळ भरपूर आणि अक्कल त्याहून जास्त, अशा अवस्थेत मी त्यांच्याशी वाद घालायचो. "तो आपल्या खुशीनं विकतो, तुम्ही खुशीनं घेता. यात जबरदस्ती कुठं आली?" आतोबा म्हणायचे, "मला ठाऊक आहे आणि त्याला ठाऊक नाही, हीच जबरदस्ती." एकदा एका वकिलाकडे आम्ही बसलो होतो. वकिलांनी चांदीची जुनी अत्तरदाणी कथलाची समजून विकणाऱ्या एका बाईचा किस्सा रंगवून सांगितला आणि ती अत्तरदाणीही दाखवली. आतोबांनी ती हातात घेतली, चांगली आहे म्हणाले, आणि अर्धा चहा तसाच ठेवून उठले. रस्त्यात मी विचारलं तर म्हणाले, "साखर जास्त होती." मला त्यांचा राग यायचा तो अशा वेळी. इतकं स्वच्छ राहणं मला जरा दिखाऊ वाटायचं. तसं ते नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगेन.

मग तो मोठा दुष्काळ आला. नळाला दिवसाआड पाणी, तेही चिळकांडीएवढं. खेड्यातली माणसं खडी फोडायच्या कामावर लागली आणि मंगळवारचा बाजार अचानक भरून वाहू लागला. घंगाळं, हंडे, समया, देवाच्या घंटासुद्धा. चाचांच्या पथारीवर आता गोणपाट टाकायलाही जागा नव्हती. लोक येत, वजन करून घेत, मिळेल ते घेऊन खाली मानेनं निघून जात. हौशी मंडळींची चंगळ झाली. वकीलसाहेब तर टांगा थांबवून ठेवत. आतोबा मात्र दर मंगळवारी रजा टाकून बाजारात उभे राहायचे आणि येईल त्याला त्याच्या वस्तूची किंमत सांगायचे. स्वतः काही घेत नव्हते. म्हणायचे, "या दिवसांत घेणं म्हणजे पडलेल्या माणसाचा खिसा चाचपणं."

त्यातल्याच एका मंगळवारी ती म्हातारी आली. सांगोल्याकडची धनगरीण, कपाळाला मोठं कुंकवाचं गोंदण, पायांत काही नाही. कमरेच्या पिशवीतून तिनं अडकित्ता काढला आणि आतोबा दोन पावलं पुढे सरकले. मेंढ्याच्या तोंडाचा अडकित्ता होता. दोन मेंढे, शिंगांची वळणं एकमेकांत अडकलेली, आणि दांड्यावर बारीक लोकरीची नक्षी. मलाही कळलं की असं काही मी पाहिलेलं नाही.

"ईस रुपयं द्या, दादा," म्हातारी म्हणाली. "सांगोल्यात समदीच इकाया बसल्यात, घेनारं कुनी न्हाय. म्हून हितवर आले."

वीस रुपये कशाला हवे होते तेही तिनं सांगितलं. भावकीनं मिळून ट्रक ठरवला होता. मेंढरं चालत जाण्यासारखी राहिली नव्हती, म्हणून त्यांना ट्रकात घालून अकलूजकडे, कॅनॉलच्या पाण्यावर न्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक निघणार होता आणि तिच्या वाट्याचं भाडं द्यायचं राहिलं होतं.

आतोबा उकिडवे बसले. मला पुढचं सगळं दिसत होतं. "मावशी, हा वीस रुपयांचा नाही. दोनशेच्या खाली कुणालाही देऊ नका. मुंबईला माझ्या ओळखीचे एक जाणकार आहेत, त्यांना आजच कळवतो. पुढच्या मंगळवारी या, दोनशे रुपये तुमच्या हातात देतो."

"मला आजच लागत्यात की, दादा."

मी आतोबांना बाजूला घेतलं. त्यांच्या खिशात पगाराचे पैसे होते, मला ठाऊक होतं. म्हटलं, वीस इसार म्हणून द्या, बाकीचे पुढच्या मंगळवारी. आतोबा चक्क रागावले. "इसार दिला की वस्तू बांधली गेली. उद्या तिला कुणी तीनशे दिले तर? ती मोकळी राहिली पाहिजे." आणि परत वळून त्यांनी तिला पुन्हा समजावलं, अगदी कळकळीनं, लोकरीची नक्षी बोटानं दाखवत. म्हातारी ऐकत होती. बघता बघता तिचा चेहरा बदलला. दोनशे म्हणजे ट्रकाचं भाडं, कडबा, आणि वर पुढचा महिना. तिनं अडकित्ता पदराला पुसला, जपून पिशवीत ठेवला आणि "बरं झालं तुमी भेटला" म्हणून गर्दीत शिरली. त्या दिवशी आतोबा घरी आले ते उड्या मारतच. आत्यानं दिलेली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी खाताना दहादा तरी म्हणाले असतील, "अगदी थोडक्यात वाचली बाई, कुणीतरी लुटलं असतं."

उपाय इतका साधा होता की तो आता कुणालाही सुचेल. वीस देऊन टाकायचे आणि खरं काय ते मागाहून सांगायचं. पण सत्य आधी आणि व्यवहार नंतर, हा क्रम आतोबांच्या अंगात इतका मुरला होता की तो उलटा करता येतो हेच त्यांना माहीत नव्हतं.

मुंबईच्या जाणकारांचं उत्तर आलं नाही. आतोबांनी ऑफिसच्या पतपेढीतून कर्ज काढलं आणि पुढच्या मंगळवारी सकाळपासून चाचांच्या पथारीशेजारी बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं तरी जेवायला उठले नाहीत. दुपार कलल्यावर म्हातारी आली. हळूहळू चालत आली, आमच्यासमोर बसली, आणि पाणी मागितलं. चाचांनी आपली सुरई पुढे केली. पाणी पिऊन झाल्यावर आतोबांनी नोटा काढून तिच्यापुढे ठेवल्या.

तिनं त्या हातात घेतल्या, पाहिल्या, आणि परत त्यांच्या गुडघ्यावर ठेवल्या.

"ह्येचं आता काय करू, दादा? टरक गेला. त्या दिशी लई दुकानं फिरले. दोनशे म्हनलं की समदी हसायची. मग ईसला तरी घ्या म्हनलं, तर म्हनायची, म्हातारे, कुनी शिकिवलं तुला? दोनशेचा ईसला देतीस, चोरीचा असंल. निम्मी मेंढरं बसल्या जागी मेली. उरल्याली खाटकाला दिली." ती जराही रडत नव्हती. पाऊसपाण्याचं बोलावं तसं बोलत होती.

"मग तुम्ही आज आलात ते..." आतोबांनी विचारलं.

"तुमी वाट बगत बसाल म्हून आले. या म्हनला हुता न्हवं? आता अडकित्ता इकायचा न्हाय. ह्यो मालकाच्या हातातला हाय. मेंढरांपायी काढला हुता."

आतोबांनी हात जोडले. अडकित्ता राहू द्या, पण पैसे तरी घ्या, असं दोनतीनदा म्हणाले. तिनं मान हलवली. पिशवीतून सुपारी काढली, त्या मेंढ्यांच्या अडकित्त्यानं कातरली आणि एक खांड त्यांच्या तळहातावर ठेवलं. आतोबांनी ते तोंडात टाकलं. मग ती उठली, आणि उठता उठता, अगदी मायेनं म्हणाली, "तुमी मानूस लई खरं, दादा. जरा लबाड असता, तर माजी मेंढरं जगली असती."

ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही बसून होतो. चाचा त्या दिवशी चहाला विचारायचं विसरले. रस्त्यानं आतोबा घाईनं चालत नव्हते, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते म्हातारे झाले आहेत. रात्री आत्यानं ताट वाढलं, ते त्यांनी पुढे सरकवलं. आत्यानं ते तसंच झाकून ठेवलं. मला फार वाईट वाटलं, आणि ते आजही वाटतं. त्यांना वाईट म्हणण्यासारखं त्यांनी काही केलं असतं तर बरं झालं असतं.

मला लवकरच अकलूजला शाळेत नोकरी लागली आणि सोलापूर सुटलं. सुटीत आत्याकडे यायचो तेव्हा बघायचो, की आतोबांनी व्याख्यान देणं बंद केलं होतं. कुणी वस्तू घेऊन आलं की ते तिच्याकडे बघतसुद्धा नसत. माणसाकडे बघत आणि एवढंच विचारत, "आज किती लागतात?" जेवढे लागत तेवढे, असले तर, देऊन टाकत. वस्तू जास्त मोलाची निघाली तर मागाहून पत्ता शोधत गावोगाव हिंडत आणि वरची रक्कम पोचवत. पण तशी वेळ क्वचितच यायची, कारण ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? लोक फुटके डबे, गंजकी कुलपं, मुठी निघालेले अडकित्ते घेऊन येऊ लागले. आता जाणत्या विकणाऱ्यांची रांग लागली होती आणि फसणारं गिऱ्हाईक एकच होतं. कपाट भरलं, पलंगाखालची जागा भरली. आत्या कपाळावर हात मारायची, पण दार तीच उघडायची.

शेवटच्या आजारपणात मी त्यांना भेटायला गेलो होतो. पलंगाखालच्या त्या ढिगाकडे बघून, त्यांना जरा बरं वाटावं म्हणून, मी पूर्वीसारखी थट्टा केली. एक बिनकिल्लीचं कुलूप उचलून विचारलं, "काय आतोबा, याचे जाणकार किती देतील?"

त्यांनी कुलूप हातात घेतलं, तळहातावर जरा तोललं. "हे होय? हे एका बाईच्या एसटीच्या तिकिटाचं. मुलगी बाळंतपणाला अडली होती पंढरपुरात."

"मग पोचली का ती?"

"पोचली," आतोबा म्हणाले. "वेळेत पोचली." आणि ते कुलूप त्यांनी उशाशी ठेवून घेतलं.