लाल गळ
फ्रीजर उघडताच आमिषाच्या माकुलांचा वास आला आणि डोकं पुन्हा फिरलं. त्या दिवशी ऑकलंडच्या धक्क्यावर मासे धरताना नवऱ्याचा मित्र सगळ्यांना शिकवत होता, “लाल गळच लावा. माशाला रक्त वाटतं.” मी म्हटलं, “रंग मरू दे, गोल गळ लावा. तो ओठात अडकतो, हा तुमचा सरळ गळ थेट पोटात रुततो.” तो हसला, “वहिनी, तुम्ही चहा ओता.” मग त्याच्याच गळाला लहानसा स्नॅपर मासा लागला. मापात बसत नव्हता, म्हणजे परत सोडायचा. त्यानं पोटातला गळ हिसडून उपटला, मासा भिरकावला आणि म्हणाला, “सोडला! कायदा पाळला.” मासा उताणा तरंगत राहिला. अजून तो आमच्याकडे येऊन लाल गळाचं कौतुक करतो. मी चहाचा थर्मास त्याच्यापुढे आपटते, “भावोजी, तुम्हीच ओता.”